दातांचे डॉक्टर आणि मेटॅडोरचं इंजिन

डॉक्टरसाहेबांकडे मी पहिल्यांदा गेले ती दाढ दुखत होती म्हणून, आणि परत आले ती एका गिअरबॉक्सची मापं लिहिलेला कागद घेऊन. दाढ तशीच राहिली. ती त्यांनी पुढच्या आठवड्यात काढली, तीसुद्धा मी आठवण करून दिली तेव्हा.

त्यांचा दवाखाना जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये एका औषधांच्या दुकानामागे होता. खुर्चीत आडवं झालं की समोर जबड्याचा रंगीत तक्ता दिसायचा, आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या खाकी कागदावर, मोटारीच्या पोटाखालचं चित्र, आणि त्यात ‘नवीन इंजिन’ लिहिलेला रिकामा चौकोन. मी तेव्हा सिंचन खात्याच्या ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअरांनी काढलेले कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचे, हे माझं काम. त्यामुळे तोंडात कापसाचे बोळे असतानाही मला ते चित्र सहन होईना. त्यांनी बोळे काढल्याबरोबर मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या नकाशाला स्केलच नाही."

हातातला चिमटा तसाच धरून ते माझ्याकडे पाहत राहिले.

"काहून, स्केल लागते काय?"

"नाहीतर नवीन इंजिन त्यात मावेल की नाही हे कसं कळणार?"

"तेच तर कळून नाही राहिलं ना सहा महिन्यांपासून," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले. बाहेर गालावर हात धरून बसलेल्या माणसाला त्यांनी लवंग चावायला दिली, आणि मला मोटारीची सगळी हकिकत सांगितली. त्या दिवसापासून मी त्यांची ट्रेसरबाई झाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं असेल तर मला आठवत नाही.

उंच, काटकुळे, पन्नाशी ओलांडलेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी दात घासायचा ब्रश. तो दातांसाठी नसे. दर पेशंटला ते सांगायचे की ब्रश तीन महिन्यांनी बदला आणि जुना मला आणून द्या. लोकांना वाटायचं, डॉक्टर ब्रश झिजलाय की नाही ते तपासतात. खरं म्हणजे इंजिनाच्या कानाकोपऱ्यातला मळ काढायला जुन्या ब्रशासारखं दुसरं हत्यार नाही असं त्यांचं मत होतं. त्यांच्या घरी एक बिस्किटांचा मोठा डबा अशा ब्रशांनी भरलेला होता. अर्ध्या जबलपूरचे दात त्या डब्यातून गेले होते म्हणा ना.

घराण्यानं ते जुन्या शहरातल्या दीक्षितपुऱ्यातले. दोन-तीन पिढ्यांपूर्वी अमरावतीकडून आलेलं कुटुंब, गल्लीत स्वतःचं घर. पण त्या गल्लीत मोटार शिरत नव्हती. एवढ्या एका कारणासाठी त्यांनी ते घर धाकट्या भावाला देऊन टाकलं आणि नेपियर टाउनमध्ये मोठ्या अंगणाचं भाड्याचं घर घेतलं. भाऊ अजून लोकांना सांगायचा की दादा आमच्याशी भांडून गेला नाही, फाटक रुंद पाहिजे म्हणून गेला. लोकांचा विश्वास बसायचा नाही.

एका गाडीतलं इंजिन काढून तिच्यात दुसरीचं बसवायचं, हा त्यांचा छंद. गरज म्हणून लोक ते करतच. पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेलचं इंजिन घालणारे मिस्त्री शहरात पुष्कळ होते. डॉक्टरसाहेबांना मात्र ते जमवण्यातच सुख होतं. "नवीन इंजिन म्हणजे कवळी," ते म्हणायचे. "जबडा जुना, दात परके. त्याईची दोस्ती लावून द्यायची." इंजिन आणि गाडीचा सांगाडा कुठे घासतात हे शोधायला ते चावा तपासायचा निळा कागद मधे धरायचे, आणि फट मोजायला दातांच्या साच्याचं मेण दाबून बघायचे. मिस्त्री लोक आधी हसले. मग त्यांतले दोघे मेण मागायला दवाखान्यात येऊ लागले.

माझ्या आधीच्या काळातली एक गोष्ट काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला सांगितली. एकदा त्यांनी लहान गाडीत मोठं इंजिन बसवलं. सगळं मापात होतं, फक्त बॉनेट बंद होईना. मग त्यांनी बॉनेटला गोल भोक पाडलं आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून त्यावर काहीतरी उपडं घातलं. त्याच दिवसांत काकूंचं खिरीचं पातेलं हरवलं. त्यांनी घरभर शोधलं, कामवाल्या बाईला विचारून तिचा रागही ओढवून घेतला. आठ दिवसांनी त्या कमानिया गेटपाशी बांगड्या भरत बसल्या होत्या, तेव्हा समोरून डॉक्टरसाहेबांची गाडी गेली. "माझं पातेलं मोटारीवर बसून सराफ्याकडे चाललं होतं," काकू म्हणाल्या. हे सांगताना त्यांना इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावून त्या आत निघून गेल्या.

त्या फजितीनंतर डॉक्टरसाहेबांनी शंकांची वही सुरू केली. काम सुरू करण्याआधी सुचेल ती प्रत्येक शंका वहीत लिहायची, आणि उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. मी आले तेव्हा तिसरी वही चालू होती. रविवारी दुपारी आम्ही अंगणात बाजेवर बसून शंका काढायचो. पंखा रेडिएटरला लागेल काय. स्टिअरिंगचा दांडा कुठून न्यायचा. एवढ्या जड इंजिनाला पुढच्या स्प्रिंगा पुरतील काय. मी माझ्या नकाशाच्या अक्षरात लिहायची, आणि सुटलेल्या शंकेवर ते लाल पेन्सिलनं रेघ मारायचे. ऑफिसात मला साहेबांनी दिलेली रेघ गिरवायची परवानगी होती, रेघेबद्दल विचारायची नव्हती. इथे कुणीतरी मला विचारत होतं की ट्रेसरबाई, तुम्हाला काय वाटते. मी सत्तावीस वर्षांची होते आणि हे मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

आमचं दोघांचं मोठं काम म्हणजे ती काळी मोटार. माझ्याहून वयानं मोठी. तिचं पेट्रोलचं इंजिन पार झिजलं होतं. भंगार विकणाऱ्या कबाड्याकडे एका मेटॅडोर व्हॅनचं डिझेल इंजिन चांगल्या स्थितीत मिळालं आणि ते तिच्यात बसवायचं ठरलं. चार महिने शंका, दोन महिने काम. लेथवाल्या भैयांनी आमच्या नकाशावरून जोडपट्ट्या कापून दिल्या. चेनपुलीला टांगलेलं इंजिन हळूहळू खाली उतरलं आणि बोल्ट भोकांत बसले, तेव्हा डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. नव्या इंजिनाचा नंबर सरकारी पुस्तकात रीतसर चढवून आणला. गाडी चालू झाली. आणि चाळीसच्या वेगाला पोचली की थरथरायला लागली.

थरथर अशी की आरशात मागचा रस्ता दिसेना. चाळिसाच्या खाली काही नाही, पन्नासाच्या वर जरा कमी. हा रोग मोजायला डॉक्टरसाहेबांनी स्वतःचं यंत्र काढलं. प्लास्टरचा एक जबडा, वरचा आणि खालचा, बिजागरीवर बसवलेला, त्यांनी डॅशबोर्डवर ठेवला. चाळीस झाले की तो कडकड वाजायचा. आम्ही चाकं अदलून बदलून पाहिली. इंजिनाखालची रबरं बदलली. मागच्या चाकांपर्यंत फिरत जाणारा लांब शाफ्ट काढून लेथवाल्या भैयांकडून तपासून आणला. दर खेपेला मोठ्या आशेनं फाटकाबाहेर पडायचं, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागलं की दात वाजायचे.

याच दिवसांत त्यांनी माझ्या आईला शब्द देऊन ठेवला होता.

मला ताप होता म्हणून ते वही घेऊन रांझीला आमच्या घरी आले होते. बाबा तिथल्या कारखान्यात होते, ते गेल्यावर आम्ही मायलेकी दोन खोल्यांत राहायचो. आईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं की असे लोक दुसऱ्याच्या तोंडात हात घालतील, पण आपल्या घरच्या कपाला हात लावणार नाहीत. डॉक्टरसाहेबांनी चहा संपवला, दुसरा मागितला आणि सोबत शिळी भाकरी असेल तर द्या म्हणाले. मग बोलता बोलता त्यांना कळलं की आई पूर्वी दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायची, आणि गुडघे गेल्यापासून सहा वर्षं जाणं झालं नव्हतं. त्या दिवसांत रेल्वेगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

"या दसऱ्याला मी नेतो, माय. मोटारनं," ते म्हणाले.

ते गेल्यावर आई म्हणाली, "आधी त्याईची मोटार चालू दे, मंग पाहू." बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती नीट करत तिनं तो विषय संपवला. पण रोज संध्याकाळी मी घरी आले की ती विचारायची, थरथर गेली काय.

दसरा आठ दिवसांवर आला. वहीत एकच शंका उरली होती आणि तिच्यासाठी चार पानं खर्ची पडली होती. डॉक्टरसाहेबांनी त्या रविवारी मला सांगितलं की ट्रेसरबाई, मायला माझ्याकडून नाही म्हणून सांगा. चाळीस-पन्नासात थरथरणारी गाडी घेऊन मी घाट उतरणार नाही. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात काकू बादली घेऊन अंगण धुवायला आल्या. त्यांनी डॉक्टरसाहेबांना पायाजवळचा ब्रशांचा डबा उचलायला सांगितलं, पाणी येतंय म्हणून. ते वैतागून म्हणाले, राहू दे, एवढंसं पाणी तिथेच सुकेल.

"इथे पाणी कधी थांबलं काय?" काकू म्हणाल्या. "वीस वर्षांपासून धुऊन राहिली मी हे अंगण. सगळं पाणी मोरीकडे पळते. उतारच आहे इतका."

पाणी बाजेखालून, मोटारीच्या पोटाखालून सरळ मोरीकडे गेलं. मी आणि डॉक्टरसाहेब त्या ओघळाकडे बघत राहिलो. कालव्यांचे उतार गिरवून माझी बोटं झिजली होती, आणि हा उतार मला सहा महिन्यांत दिसला नव्हता.

झालं होतं असं. इंजिन गाडीत थोडं मागे झुकलेलं असतं. त्याचा झुकाव आणि मागच्या ॲक्सलचा, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याचा, झुकाव जुळला तरच मधला शाफ्ट शांत फिरतो. म्हणून जुनं इंजिन काढण्याआधी डॉक्टरसाहेबांनी त्यावर पाणसळ, म्हणजे गवंड्यांची ती बुडबुड्याची पट्टी, ठेवून झुकाव मोजून घेतला होता. तो मोजला रस्त्यावर, सपाट जागी. नवीन इंजिन अगदी त्याच झुकावानं बसवलं, पण अंगणात, गाडीचं तोंड मोरीकडे करून. त्यामुळे इंजिन पृथ्वीच्या हिशेबानं बरोबर होतं आणि गाडीच्या हिशेबानं चूक. तीन वह्या भरून आम्ही नटबोल्टांवर शंका घेतल्या होत्या. पायाखालच्या जमिनीवर एकही नव्हती.

मी शेजारच्या बांधकामावरून पातळी बघायची पाण्याची नळी आणली आणि अंगण मोजलं. गाडीच्या लांबीत चार बोटं उतार निघाला. डॉक्टरसाहेब घरात गेले, खुर्ची घेऊन आले आणि काकूंना त्यात बसवलं. मग वहीत त्यांच्या नावानं नवी शंका लिहून घेतली आणि तिथल्या तिथे लाल रेघ मारली. काकू ओल्या पायांनी खुर्चीत बसून म्हणत होत्या की मला उठू द्या, अर्धं अंगण राहिलं आहे. त्या दिवशी ते डॉक्टरसाहेबांनी धुतलं.

गिअरबॉक्सच्या खाली लोखंडाच्या दोन पट्ट्या घालून त्याची शेपटी वर उचलली, एवढंच काम होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनच्या रस्त्यावर गेलो. तीस, चाळीस, पंचेचाळीस. जबडा गप्प बसला होता. डॉक्टरसाहेबांनी गाडी तशीच पुढे दहा मैल नेली. मला ऑफिसला उशीर झाला, तरी परत फिरा असं मी म्हटलं नाही.

दसऱ्याला पहाटे आम्ही चौघं निघालो. पुढे डॉक्टरसाहेब आणि मी, मागे आई आणि काकू. आई पांढऱ्या पातळात, पिशवी छातीशी धरून, दाराला चिकटून बसली होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हे कोणाचे दात हाय?" काकूंनी तिला जबड्याची सगळी कथा सांगितली. लखनादौन येईपर्यंत पातेल्याचीही कथा सांगून झाली होती आणि आई दारापासून सरकून सीटच्या मधे आली होती.

कुरईचा घाट आम्ही बैलगाडीच्या चालीनं उतरलो. दुपारी नागपूर. डॉक्टरसाहेबांनी गाडी गर्दीच्या पुष्कळ अलीकडे लावली, आणि काकू आईचा एक हात धरून आमच्याबरोबर आत आल्या. आई स्तूपासमोर बराच वेळ उभी राहिली. तिच्या गुडघ्यांचं काय झालं होतं कोण जाणे, बसायचं नाव घेईना. संध्याकाळी परत आलो तर मोटारीभोवती माणसांचं कडं. बॉनेट उघडं, आणि डॉक्टरसाहेब वाशिमकडून ट्रकनं आलेल्या मंडळींना झुकावाचा सिद्धांत समजावून देत होते. त्यांच्या हातात कुणीतरी दिलेली पुरीभाजी होती, आणि एक पुरी तिरकी धरून ती इंजिन म्हणून दाखवणं चाललं होतं.

त्या रात्री नागपुरातच इंदोऱ्याला मामाकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी परत निघालो. येताना घाट चढायचा होता. निम्म्यात तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली. डॉक्टरसाहेबांनी गाडी कडेला घेतली, उतरून पाहिलं आणि आनंदानं मला हाक मारली. "ट्रेसरबाई, वही आणा. रेडिएटर लहान पडून राहिला." नवीन शंका मिळाल्यावर त्यांचा चेहरा लोकांचा पगाराच्या दिवशी होतो तसा व्हायचा.

गाडी थंड व्हायला अर्धा तास होता. सागाच्या सावलीत दगडावर बसून आम्ही मामीनं दिलेल्या पोळ्यांचं फडकं सोडलं. डॉक्टरसाहेबांनी दोन घास खाल्ले आणि आईकडे पाहत म्हणाले, "माय, तुम्ही डावीकडून चावून नाही राहिल्या."

"काई नाई," आई म्हणाली. ते पुढे म्हणाले की काल सकाळीपण मी आरशात पाहिलं, तुम्ही गाल धरून होत्या.

मला हे माहीत नव्हतं. आईनं मला कधी सांगितलं नव्हतं. कोणत्याच डॉक्टरला ती तोंड दाखवत नसे, आणि त्याचं कारण मात्र मला ठाऊक होतं. लहानपणी भंडाऱ्याकडच्या तिच्या गावात तिचा दात सुजला होता, तेव्हा आजीनं तिला वैद्याच्या दारात नेलं. वैद्यानं ओट्यावरूनच पाहिलं, लांबूनच, आणि पुडी वरून खाली टाकली. ती मातीत पडली. आजीनं ती मातीसकट उचलली. आई तेव्हा सात-आठ वर्षांची असेल.

डॉक्टरसाहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी पान्यांच्या पेटीतून दात बघायचा लहान आरसा काढला, पिण्याच्या पाण्यानं आणि साबणानं दोनदा हात धुतले, वास घेऊन पाहिला आणि तिसऱ्यांदा धुतले.

"डिझेलचा वास येईल थोडा," ते म्हणाले. "चालते काय?"

आई त्यांच्या हातांकडे पाहत होती. मग तिनं पदर सारखा केला, मान मागे टेकवली आणि तोंड उघडलं.

त्यांनी एका हातानं तिची हनुवटी धरली आणि उन्हाकडे फिरवून बराच वेळ आत पाहिलं. शेजारून ट्रक चढत होते. एका ट्रकवाल्यानं गाडी हळू करून, मदत पाहिजे काय म्हणून हिंदीत विचारलं, आणि हे दृश्य पाहून तो तसाच पुढे गेला. आईचे डोळे मिटलेले होते आणि कडांतून पाणी येत होतं. मी विचारलं, दुखतंय का. तिनं हात हलवून मला गप्प केलं.

"काढायची नाही," शेवटी डॉक्टरसाहेब म्हणाले. "वाचते ही दाढ. चार वेळा यावं लागेल."

आईनं तोंड पुसलं. "अन् गाडी?"

"ती पण वाचते."

आई हसली. मग काकू हसल्या. रेडिएटरमध्ये पाणी भरून आम्ही निघालो तेव्हा आई पुढच्या सीटवर होती. सिवनीपर्यंत तिनं डॉक्टरसाहेबांना विचारून घेतलं की रेडिएटर काय असते, अन् लहान होता तर आधी काहून नाही समजलं. त्यांना उत्तर देता देता घाम फुटला.

चार वेळांच्या ऐवजी आई दवाखान्यात सहा वेळा गेली. दाढ झाल्यावर त्यांच्या घरी जाऊन अंगणात काकूंबरोबर मटार सोलत बसायची. मोठा रेडिएटर जागेत मावेना म्हणून तोवर इंजिन पुन्हा बाहेर निघालं होतं. मग डॉक्टरसाहेबांना वाटलं, आता काढलंच आहे तर याहून हलकं एखादं पाहावं. कबाड्याकडे चकरा सुरू झाल्या. चौथी वही लागली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, काळी मोटार रिकाम्या पोटानं अंगणात उभीच.

भाद्रपदातल्या एका सकाळी मी ऑफिसला निघाले होते. आई दारात उभी राहून शेजारच्या बाईंशी बोलत होती. दसऱ्याला नागपूरला येता काय, तुमीबी चाला, आपली मोटार हाय, मागं एक जागा खाली हाय, असं चाललं होतं. बाई खूश होऊन आत गेल्या.

मी आईला म्हणाले, "अगं, असं लोकांना सांगू नको. गाडीत इंजिनच नाही."

"माईत हाय मले," आई म्हणाली. "अजून महिना हाय ना."